सुचेताताईंचा औषधांचा डबा

हूफडॉर्प
९ फेब्रुवारी २०२५

चि. भार्गवी,

आशीर्वाद घे आणि आधी खुर्चीत बस, पत्र लांब आहे. नणंदेचं पत्र टपालाने आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला काही लिहिलं की ते तुझ्या नवऱ्याच्या टॅबवर उमटतं, आशू ते आईला वाचून दाखवतो, आणि पुण्याहून मला उलटा फोन येतो की तू भार्गवीला असं का म्हणालीस. म्हणून हे पाकीट. या डचांच्या देशात पाकिटावर ज्याचं नाव, त्यानेच ते उघडायचं. नवऱ्यानेसुद्धा नाही. मला इथला सगळ्यात आवडलेला नियम हाच.

न्यूनेनच्या घराचे फोटो पाहिले. पडदे छान आहेत. पण पडद्यांच्या आधी एक काम करायचं असतं आणि ते तुम्ही दोघांनी केलेलं नाही, हे मला माझ्या भावाच्या आवाजावरूनच कळलं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. पुण्यात आपलं कसं, गुडघा दुखला की थेट हाडांचा डॉक्टर, कान दुखला की कानाचा. इथे तसं चालत नाही. अपघात-बिपघात सोडला तर हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीशिवाय हॉस्पिटलात कुणी उभं करत नाही. तो घराजवळचाच लागतो आणि त्याच्याकडे आधी नाव नोंदवावं लागतं. आजारी पडल्यावर बघू म्हणालीस, तर तोवर सगळीकडे एकच पाटी: नवीन पेशंट घेत नाही.

नऊ वर्षांत मी चाळीसेक मराठी कुटुंबांची नावं नोंदवून दिली आहेत. रविवारच्या मराठी शाळेत मुलं मला बाई म्हणतात आणि त्यांच्या आया ‘हाउसआर्ट्सवाल्या ताई’ म्हणतात. तेव्हा माझ्या सख्ख्या भावाच्या घरात डॉक्टर नसणं म्हणजे माझी अब्रू गेलीच की. उद्याच फोनाला बस. आणि तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या किती उरल्यात, मोजून कळव.

सुचेताताई

*

न्यूनेन
२० फेब्रुवारी २०२५

ती. सुचेताताई,

नमस्कार. पडद्यांवरून बोलणी बसणार हे आशुतोषने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे फारसं लागलं नाही.

गोळ्या चौतीस आहेत. मी कऱ्हाडच्या मेडिकलवाल्याची मुलगी, बाबांच्या काउंटरमागच्या स्टुलावर बसून अभ्यास केला, त्यामुळे गोळी चुकली की काय होतं ते मला पाठ आहे. शिवाय, तुम्हालाच पहिल्यांदा सांगते, आम्ही बाळाचा विचार करतो आहोत. कऱ्हाडच्या डॉक्टर मॅडमनी बजावलंय की आता एक दिवसही गोळी चुकवायची नाही आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं. म्हणजे चौतीस दिवसांत मला डॉक्टर हवाच.

सहा ठिकाणी फोन केले. सगळे गोड बोलतात. तुम्ही कुठे राहता विचारतात, पोस्टकोड सांगितला की हळहळतात, आणि जागा नाही म्हणतात. सातव्या ठिकाणी मी स्वतः गेले, बेसनाचे लाडू घेऊन. हसू नका. आपल्याकडे रिकाम्या हाताने कोण जातं? तिथल्या असिस्टंट बाईंनी एक लाडू घेतला, डोळे मिटून खाल्ला, कृती विचारली, मी ती कागदावर लिहून दिली. मग नवीन पेशंट घेत नाही, हेही त्यांनी तितक्याच मायेने सांगितलं. येताना मी उरलेले लाडू सायकलवर बसून खाल्ले.

एक विचारायचं होतं. तुमचे हाउसआर्ट्स कोण? त्यांनी इकडच्या कुणा डॉक्टरांकडे आमच्यासाठी शब्द टाकला तर काम होईल का? नाव आणि फोन कळवा, मी तुमची ओळख सांगून बोलेन. आणि हो, पाडव्याला पुरणपोळी करायची म्हणते आहे, तुमची कृती पाठवा.

तुमची
भार्गवी

*

हूफडॉर्प
२७ फेब्रुवारी २०२५

चि. भार्गवी,

बाळाचं वाचलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले. हेमचंद्रने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, भार्गवीने डॉक्टरला लाडू चारले. माझ्या नवऱ्याला तेवढंही पुरलं. बाकीचं तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही.

इथे शब्द टाकायची पद्धत नाही. आपल्याकडे ओळखीवर सगळं चालतं, इथे पोस्टकोडवर. ती सवय विमानतळावरच सोडून यायची असते. तेव्हा माझ्या डॉक्टरचं नाव घेऊन काही व्हायचं नाही. माझ्या पद्धतीने जा.

आरोग्य विम्याच्या कंपनीला फोन कर. हप्ता घेतात ना? मग डॉक्टर शोधायला मदत करणं त्यांचं काम आहे, त्यांच्याकडे खास त्यासाठी माणसं बसवलेली असतात. कुठेकुठे फोन केले त्याची तारखेसकट यादी त्यांना दे, इथल्या लोकांना यादी फार आवडते. रडायचं नाही, चिडायचं नाही आणि ‘जमलं तर बघा’ हे तर बोलायचंच नाही. आपण फार लवकर ‘असू दे, असू दे’ म्हणतो. असू द्यायचं नाही. आणि जागा मिळेपर्यंत काही दुखलं-खुपलं तर ‘पासांत’ म्हणून वेळ माग. पासांत म्हणजे वाटसरू. नाव नोंदलेलं नसलं तरी वाटसरू म्हणून एकदा बघतात.

डॉक्टर भेटला की तो विचारेल, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ माझी मैत्रीण मंजूषा हे ऐकून उठून आली होती. म्हणे, ह्यालाच माहीत नाही तर मी कशाला गेले? तसं नसतं. इथे पेशंटला विचारतात. छाती काढून उत्तर द्यायचं.

गोळ्यांची काळजी करू नकोस. आमच्याकडे औषधांचा मोठा स्टीलचा डबा आहे, दर डिसेंबरला पुण्याहून भरून येतो. कोथरूडचे आमचे डॉक्टर नीळकंठ यादी करून देतात आणि कशावर काय घ्यायचं ते फोनवर सांगतात. मंजूषा मुंबईला परतली तेव्हा तिच्या थायरॉइडच्या गोळ्या माझ्याकडे ठेवून गेली, त्या वरच्या कप्प्यात आहेत. हेमचंद्र शुक्रवारी कामाला आइंडहोवनला येतो आहे, त्याच्याबरोबर तो कप्पा पाठवते. तुझ्या ताकदीच्या आहेत का बघून घे. कप्पा परत पाठवशील तेव्हा रिकामा पाठवू नकोस, आईने शिकवलेलं विसरायचं नाही.

सुचेताताई

*

न्यूनेन
९ मार्च २०२५

ती. सुचेताताई,

मिळाला! डॉक्टर मिळाला! तुमच्या पद्धतीने मिळाला. विमावाल्या बाईंना मी आठ नावांची तारखेसकट यादी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, हे तुम्ही फार व्यवस्थित केलंय. तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. न्यूनेनच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर आहेत, सायकलने बारा मिनिटं, त्यांनी आम्हा दोघांना घेतलं.

परवा भेटून आलो. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन हाक मारतात, हात मिळवतात आणि आत नेतात. मी पुण्यापासूनची सगळी फाइल नेली होती, बेचाळीस कागद. त्यांनी त्यातला एक कागद काढून घेतला आणि बाकीची फाइल दोन्ही हातांनी, फार आदराने, मला परत दिली. मग तुम्ही म्हणालात तस्संच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, बाळाचा विचार आहे, तेव्हा आधी रक्त तपासा आणि मग डोस ठरवा. ते म्हणाले, मीही तेच करणार होतो. आशुतोष माझ्याकडे असा बघत होता की जणू त्याचं आजच लग्न ठरलं असावं.

हे सगळं तुमच्यामुळे झालं, ताई. मनापासून.

आता दुसरी गोष्ट. ही हसत लिहिता येत नाही.

हेमचंद्रदादांनी वरचा कप्पा नाही, अख्खा डबा आणून दिला. ‘काय वर, काय खाली, मला कळत नाही, हे घे’ म्हणाले. मंजूषाताईंच्या गोळ्या माझ्या ताकदीच्या नाहीत, म्हणून माझ्या असतील का बघायला खालचंही उघडलं. तिथे दहा गोळ्यांचं एक पाकीट आहे, त्यातल्या सहा संपलेल्या. त्या कशाच्या आहेत ते मला वाचावं लागलं नाही. बाबांच्या काउंटरवर बायका दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून, खालच्या आवाजात त्या मागायच्या. रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या आहेत. त्यांच्याखाली डॉक्टर नीळकंठांची चिठ्ठी, तुमच्या नावाची, २८ डिसेंबरची. पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली, आता पुन्हा रक्त जातंय, सोनोग्राफी ताबडतोब. ‘ताबडतोब’खाली दोन रेघा आहेत.

२९ला तुमचं विमान होतं. म्हणजे पुण्यात झाली नाही. ताई, इथे झाली का? आज मार्चची नऊ तारीख आहे. या वयात असं रक्त जाणं बहुतेक वेळा साधं निघतं, पण कधीकधी गर्भाशयाचा कॅन्सर निघतो, आणि कुठलं ते तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, नाहीतर तुम्ही ती चिठ्ठी तळाशी ठेवली नसती.

मी तुमच्या डॉक्टरांचं नाव विचारलं, तर तुम्ही मला शब्द टाकण्यावर भाषण दिलंत. आता सरळ विचारते. तुमचा हाउसआर्ट्स कोण?

भार्गवी

*

हूफडॉर्प
१३ मार्च २०२५

चि. भार्गवी,

डॉक्टर मिळाला, छान झालं.

दुसऱ्याच्या डब्यात तळापर्यंत हात घालायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. रक्त थांबलं आहे. जुलैत आम्ही पुण्याला जाणार आहोत, तेव्हा काय ते बघेन. तू या घरात आलीस त्याला दोन वर्षं झाली, मी माझं बघते आहे त्याला त्रेपन्न. आशूला किंवा हेमचंद्रला यातलं एक अक्षर कळलं तर माझ्याशी गाठ आहे.

पुरणपोळीची कृती मागच्या बाजूला लिहिली आहे. डाळ शिजल्यावर पाणी पूर्ण निथळू दे. घाई केलीस तर पोळी फुटेल.

सुचेता

*

न्यूनेन
१६ मार्च २०२५

ती. सुचेताताई,

कृतीबद्दल आभार. बाकीच्या पत्राचा राग आलेला नाही. तुम्ही ओरडलात त्यावरून मला उत्तर मिळालं. तुम्हाला हाउसआर्ट्स नाही.

रक्त थांबलं आहे असं लिहिलंत. गोळ्या खाल्ल्या म्हणून थांबलं असेल. त्या गोळ्या रक्त थांबवतात, ते का जात होतं ते शोधत नाहीत. आणि जुलै म्हणजे आणखी चार महिने. असू दे म्हणायचं नाही, असं मला कुणी शिकवलं?

शुक्रवारी मी तुमच्याच पद्धतीने फोनाला बसले. हूफडॉर्पमध्ये पाच ठिकाणी केले. नाव तुमचं सांगितलं नाही, नणंद म्हटलं, वय सांगितलं, आणि काय होतंय ते न लाजता सांगितलं. चार ठिकाणी जागा नव्हती. पाचव्या ठिकाणच्या असिस्टंट बाई म्हणाल्या की हे थांबवण्यासारखं नाही, पासांत म्हणून आणा. गुरुवारी, २० तारखेला, सकाळी दहा वीसची वेळ त्यांनी धरून ठेवली आहे. पण पेशंटने स्वतः फोन करून नाव आणि जन्मतारीख द्यायला हवी. बुधवारी दुपारी बारापर्यंत. फोन नंबर या पत्राच्या मागे लिहिला आहे, तुमच्या पुरणपोळीसारखाच.

हे पाकीट मंगळवारी तुमच्या हातात पडेल. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तुमचा निरोप आला नाही, तर बुधवारी सकाळी मी तुमच्या दारात असेन आणि फोन लावून तुमच्या कानाला धरेन. मी लहान आहे, मला शोभत नाही, सगळं मान्य. पण तुम्ही चाळीस घरांना डॉक्टर दिलात आणि एका घराला दिला नाहीत, हे मला चालणार नाही.

आशुतोषला काही सांगितलेलं नाही. गुरुवारी मी तुमच्याकडे पुरणपोळी शिकायला येते आहे, एवढंच त्याला माहीत आहे. त्याला ते खरं वाटलं, कारण माझी मागची पोळी त्याने खाल्ली आहे.

डबा माझ्याकडेच राहील. तुमचं नाव कुठेतरी नोंदलं गेल्याशिवाय तो परत मिळणार नाही.

तुमची
भार्गवी

*

हूफडॉर्प
१७ एप्रिल २०२५

प्रिय भार्गवी,

त्या गुरुवारी तू माझ्या शेजारच्याच खुर्चीत होतीस, तरी लिहिते, कारण तुला माझं तोंड दिसलं, आत काय चाललं होतं ते दिसलं नसेल.

चार वर्षांपूर्वी आम्ही अ‍ॅमस्टलवेनहून इकडच्या नव्या वसाहतीत आलो. दीड महिन्यात तिकडच्या डॉक्टरांचं पत्र आलं: तुम्ही आता फार लांब राहता, जवळचा डॉक्टर शोधा. इकडे सगळीकडे पाटी. मी प्रतीक्षायादीत नाव दिलं आणि म्हटलं, लागेल नंबर. शाळेतल्या बायका तर पूर्वीपासून विचारायच्याच, ताई, कसं करायचं? मला माहीत होतंच, मी सांगत गेले. मागच्या वर्षी एका ठिकाणी एका कुटुंबापुरती जागा निघाली, तो फोन मलाच आला होता. शाळेतली एक आई, शलाका, बावीस दिवसांचं बाळ घेऊन समोर बसली होती. तिला दिली. त्यात मोठेपणा काही नव्हता गं. पुण्याचा डबा होता, नीळकंठ डॉक्टर फोनवर होते, मला वाटलं माझं भागतंय. आणि एकदा सगळ्यांची ताई झाल्यावर ‘माझंच नाव कुठे नाही’ हे म्हणणार कुणाला? घरचे कागद मीच बघते, त्यामुळे हेमचंद्रलाही पत्ता नव्हता.

मंगळवारी तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून कपाटात ठेवलं. पुन्हा काढलं. ‘एका घराला दिला नाहीत’ या ओळीपाशी मी रडले, खूप रडले. मग फोन लावला. त्या असिस्टंट बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तुमचा हाउसआर्ट्स कोण? चार वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं, मला नाही.

आणि गुरुवारी त्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? हा प्रश्न येणार हे मी किती जणींना सांगितलंय. छाती काढून उत्तर द्या म्हणून. माझी डच गेली, इंग्रजी गेली, आणि मी मराठीत म्हटलं, मला भीती वाटते. तू माझा हात धरून ते त्यांना सांगितलंस. त्या म्हणाल्या, मग आपण लवकर बघू. एवढंच. डिसेंबरपासून मी जे पोटात घेऊन हिंडत होते ते एका वाक्याचं काम होतं.

आता निकाल. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला, काल हॉस्पिटलात बोलावलं होतं. कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्या आहेत, तशाच सोडल्या तर पुढे तो होऊ शकतो. गर्भाशय काढायचं ठरलं, १३ मे ही तारीख मिळाली आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी म्हटलं, मी आले नाही, मला आणलं.

हेमचंद्रला मी त्याच गुरुवारी संध्याकाळी सगळं सांगितलं. तो माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून बसला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, ‘सुचेता, मग माझा हाउसआर्ट्स कोण?’ इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले. आता आहे हो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तपासण्या त्यांच्याकडूनच चालल्या आहेत, मध्येच पेशंट दुसरीकडे धाडण्यात अर्थ नाही. आम्हा दोघांचीही नावं नोंदवून घेतली.

रविवारी शाळा सुटल्यावर सगळ्या आयांना थांबवून खरं सांगितलं. वाटलं होतं, मान खाली जाईल. शलाका म्हणाली, ‘ताई, अजून ज्यांना डॉक्टर नाही त्यांना आत्ताच हात वर करा म्हणावं.’ सहा हात वर झाले. त्यातल्या चौघींच्या घरी पुण्यामुंबईचे डबे आहेत. सोमवारपासून मी पुन्हा फोनाला बसले आहे, आणि या वेळी यादीत पहिल्या ओळीवर माझं नाव लिहून पुढे बरोबरची खूण केली आहे. आशूला आणि आईला मीच फोन करते, तू त्यात पडू नकोस.

तुझ्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणे. बाळाच्या बाबतीत मी अजून कुणालाही बोललेले नाही, हे लक्षात ठेव आणि माझं कौतुक कर.

आता माझा डबा. अट पूर्ण झाली आहे, तेव्हा परत कर. जुन्या गोळ्या औषधांच्या दुकानात नेऊन दिल्यास ते बरं केलंस. पण डबा रिकामा पाठवायचा नाही. औषध सोडून काय हवं ते घाल. १३ला ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी सोडतील आणि मला मऊ भात आणि मेतकूट लागेल. हेमचंद्रच्या हाती नको, टपालानेही नको. तू घेऊन ये.

तुझी
सुचेता